उद्या उपासाचं दळण

मावशींच्या फोनमध्ये एकाही माणसाचं नाव नव्हतं. 'निळी बादली', 'स्टील मोठा', 'झाकण चेपलेलं', 'दोन पिशव्या तिसरा मजला' अशा नोंदी होत्या. गिऱ्हाईक ज्या डब्यातून दळण आणेल तेच त्याचं नाव. मी माझ्या सासूबाईंचा पितळेचा डबा घेऊन जायचे, म्हणून मी 'पितळी'. समोरासमोरही त्या मला हेच म्हणत. "या पितळी, आज उशीर केलात." पहिल्यांदा मला राग आला होता. वागळे इस्टेटमधल्या एका कंपनीच्या विक्री विभागात तीस वर्षं इंग्रजी पत्रव्यवहार सांभाळलेली बाई मी. मला कोणी भांड्याच्या नावाने हाक मारावी हे काही पटेना. पुढे कळलं की त्यात मान होता. ज्यांचा डबा लक्षात राहिला नाही त्यांना त्या नुसतं 'ओ' म्हणत.

मनू, ओम, तुम्ही दोघं मागच्या सुट्टीत आलात तोवर मावशींच्या पिठाच्या गिरणीच्या जागी मोबाइलच्या कव्हरांचं दुकान आलं होतं. मनू, तू मला विचारलंस, "आजी, मी पाठवलेल्या प्लॅनचं पुढे काय झालं?" मी 'सांगेन सावकाश' म्हणून वेळ मारून नेली. कारण ते सांगायचं तर आधी मावशी सांगायला हव्यात, आणि मावशी फोनवर सांगून होणाऱ्या नाहीत.

त्या माझ्याहून चार वर्षांनी लहान होत्या, पण डोंबिवली पूर्वेची आमची सगळी गल्ली मावशी म्हणे म्हणून मीही म्हणू लागले. मूळच्या साताऱ्याकडच्या. नवरा गेल्यावर गिरणी विकायची असं सगळ्यांनी ठरवलं होतं, पण तेराव्याच्या दुसऱ्या दिवशी यांनी शटर उघडून पट्टा सुरू केला. त्यांच्या भुवया पिठाने पांढऱ्या असत. खऱ्या भुवया मी पहिल्यांदा पाहिल्या त्या एका लग्नात, आणि त्यांना ओळखलं नाही. गिरणीच्या खडखडाटात आयुष्य गेल्यामुळे बोलणं सगळं वरच्या पट्टीत. दगडांची धार गेली की छिन्नी-हातोडी घेऊन त्या स्वतः टाकी लावायला बसत, नवऱ्याचा जुना चष्मा लावून. त्या चष्म्याचा नंबर त्यांना लागत नव्हता. मी तसं म्हटलं तर म्हणाल्या, "दगडाला लागतो."

आणि त्यांचा तो प्रश्न. डबा हातात घेतला की आधी विचारत, "कोण खाणार?" उत्तर मिळाल्याशिवाय धान्य वर ओतत नसत. दात गेलेले आजोबा असतील तर पीठ बारीक, बाळंतीण असेल तर बाजरी आधी चाळून, शाळेच्या डब्याची पोळी असेल तर आणखी वेगळं. नव्या लग्नाची एक मुलगी लाजत म्हणाली, "मी आणि हे." मावशी म्हणाल्या, "ह्यांचे दात बघितलेत का? मग सांगा की जाड का बारीक." एक गृहस्थ कुत्र्याच्या भाकरीसाठी बाजरी आणत. त्या कुत्र्याची चौकशी मावशी दर वेळी नावाने करत. फोनमधलं एकमेव नाव त्या ब्रूनोचंच होतं.

अशी ही गिरणी त्या वर्षी उतरणीला लागली होती. तयार पिठाच्या पिशव्या दहा मिनिटांत दारात येत होत्या, आणि स्टेशनच्या रस्त्यावर काचेच्या दर्शनी भागाचं एक दुकान निघालं होतं, जिथे धान्यसुद्धा तेच देत. त्यांचा खारघरचा मुलगा म्हणत होता की आता गुडघे दुखतात, गिरणी बंद कर आणि आमच्याकडे ये. मावशींनी त्याला शब्द दिला, "दिवाळीपर्यंत बघते. भाजणीला रांग लागली नाय तर मी स्वतः पट्टा उतरवीन." हे त्यांनी मला गुढीपाडव्याच्या सुमाराला सांगितलं. त्यांचे हात तेव्हा एकमेकांवर पीठ झटकत होते, उगीचच, कारण हातावर पीठ नव्हतं. मग म्हणाल्या, "तुमची नात हेच शिकली ना, मोबाइलवरून गिऱ्हाईक आणायचं? विचारा तिला."

मनू, तुझा आराखडा सोळा पानांचा होता. गिऱ्हाईक कोण, ते मोबाइलवर कधी असतं, त्याला काय सांगायचं, कुठल्या दिवशी फोटो आणि कुठल्या दिवशी व्हिडिओ, आणि शेवटी परिणाम कसा मोजायचा. मला तो फार आवडला. मी वही आखली, वरती वार, बाजूला आठवडे, आणि मावशींना सगळा वाचून दाखवला. त्यांनी तो पुरा ऐकून घेतला आणि म्हणाल्या, "चांगलंय. पण एवढं आपणच बोललो तर त्यांनी काय विचारलं ते ऐकायचं कधी?" मग मला एक स्टूल दिलं. आठ दिवस बसायचं, आणि गिऱ्हाईक काय विचारतं तेवढंच लिहायचं.

मी लिहिलं. भाव कोणी फारसा विचारत नव्हतं. सगळ्यात जास्त वेळा आलेला प्रश्न एकच होता, "मावशी, उपासाचं कधी लावणार?" तुम्हाला कदाचित माहीत नसेल. राजगिरा, वरई, शिंगाडा हे उपासाचं दळण गव्हाच्या मागोमाग दळून चालत नाही, उपास मोडतो. म्हणून गिरणीवाले ते एखाद्या ठरावीक सकाळी लावतात. मावशी आधी यंत्र थांबवून दगड ब्रशने झाडत, मग पदरची दोन मुठी वरई दळून ते पीठ चिमण्यांना टाकत, आणि मगच गिऱ्हाइकाचा डबा घेत. पण तो दिवस कोणता हे बायकांना कळायचं नाही. त्या डबा घेऊन येत आणि तसाच परत नेत.

तिथून आमची योजना ठरली. सोळा पानांतून एक ओळ उरली, 'उद्या उपासाचं दळण, सकाळी आठ ते दहा', आणि ती आदल्या संध्याकाळी पाठवायची. ज्याला पाठवायची त्याला गिरणीत तोंडावर विचारून, 'निरोप पाठवू का?' सुप्रभात नाही, गुलाब नाही, सणाच्या शुभेच्छा नाहीत. "सांगण्यासारखं नसंल त्या दिवशी गप," मावशी म्हणाल्या. तुझ्या आग्रहाने मोबाइलवर गिरणीचं पेजही काढलं. त्यावर टाकी लावतानाचा छोटा व्हिडिओ टाकला. त्यात मावशी एकदाही कॅमेऱ्याकडे बघत नाहीत, फक्त छिन्नीचा आवाज आहे. तो इतका फिरला की खोणीपासूनची माणसं बघायला आली. मावशींना आनंद झाला असावा, पण दाखवला नाही. ज्यांनी व्हिडिओला पसंतीचा अंगठा दिला त्यांना त्या रस्त्यात गाठून विचारत, "अंगठा दाखवलात, डबा कुठाय?"

डबेही येऊ लागले. श्रावणात उपासाच्या सकाळी रांग पायरी उतरून रस्त्यावर गेली. आता डबे उतरवून घ्यायला मी बसत असे. मी तीन रकाने आखले होते: डबा, धान्य, जाड की बारीक. 'कोण खाणार' हा रकाना मी ठेवला नव्हता. प्रत्येकीची उत्तरं लांबत, रांग खोळंबे. माझ्या मते मी काम सुधारत होते.

श्रावणातच मी पेजवर चार ओळी लिहिल्या. मावशींनी सांगितलं होतं, "लिवा की उपासाच्या आधी दगड साफ करते." एवढंच. मी लिहिलं, 'आमच्या उपासाच्या पिठात गव्हाचा एक कणही सापडणार नाही.' विक्रीची पत्रं लिहिण्यात आयुष्य गेलेल्या हाताला साधं वाक्य अपुरं वाटतं, त्याला ते गोल करावंसं वाटतं. मी गिरणी चालू असताना त्यांना ते वाचून दाखवलं. त्यांनी मान हलवली. त्यांना ऐकू गेलं का, हे मी पुन्हा विचारलं नाही.

गणपती होऊन गेल्यावरची गोष्ट. उपासाची सकाळ होती, साडेदहा वाजले होते, रांग सरली होती. एक तरुण बाई घाईघाईने स्कूटर लावून आत आली. ठाण्याच्या बाळकुमहून निघाली होती, शीळफाट्याला तासभर अडकली होती. हातात पाच किलो ज्वारी. मी वही भरत होते म्हणून डबा मावशींनीच घेतला.

"कोण खाणार?"

"मुलगी. सात वर्षांची आहे. मावशी, आत्ता उपासाचं झालंय ना, त्याच्यावरच टाका हं. मध्ये गहू नको."

"मुलीला उपास?"

"उपास नाही हो. तिला गहू चालतच नाही. आतड्याचा आजार आहे, जन्मभराचा. चिमूटभर गव्हाचं पीठ उडून पडलं तरी पोट बिघडतं, चार-चार दिवस शाळा बुडते. पॅकेटच्या पिठाची भाकरी तिला आवडत नाही. तुमच्या पेजवर वाचलं, एक कणही नाही, म्हणून आले एवढ्या लांब."

मावशींनी बटण बंद केलं. गिरणी थांबली की तिथली शांतता अंगावर येई.

"कोणी लिवलं?"

"मी," मी म्हणाले.

त्यांनी त्या बाईचा हात धरून तिला आत नेलं, भिंतीवर बोट फिरवलं आणि तिच्यासमोर धरलं. "हे काय आहे? गहू. वर पंख्याला काय बसलंय? गहू. माझ्या भुवईला बघा. चाळीस वर्षांचा गहू आहे इथं. मी झाडते, पुसते, सगळं करते. देवाला चालतं ते. तुमच्या मुलीला नाय चालणार."

ती बाई माझ्या स्टुलावर बसली. म्हणाली, "पण मी तर ते आमच्या ग्रुपवर टाकलंय. अशा मुलांच्या आयांचा ग्रुप आहे, ठाण्यापासून कल्याणपर्यंतचा. त्यातल्या काही जणी येऊनही गेल्या."

मी वही उघडली. उपासाच्या सकाळी रांग सरल्यावर ज्वारी किंवा नाचणी दळून नेलेल्या नव्या बायका चार होत्या. माझे तिन्ही रकाने नीट भरलेले होते.

फोन मावशींनी केले, 'हिरवी बरणी', 'कापडी पिशवी जाड' असे एकेक शोधून. दोघींनी पीठ अजून उघडलं नव्हतं. तिसरीचं म्हणणं, बरा आहे मुलगा. चौथीची मुलगी आठवडाभर अंथरुणात होती आणि कशाने ते त्यांना कळत नव्हतं. ती आई ओरडू लागली. मावशींनी फोन कानापासून लांब धरला होता, त्यामुळे मलाही शब्द न् शब्द ऐकू येत होता. मी हात पुढे केला, वाक्य माझं होतं, मला सांगू द्या. त्यांनी फोन दुसऱ्या हातात घेतला.

"चूक गिरणीची आहे," त्या म्हणाल्या. "तुम्ही बोला. मी ऐकते."

ती बोलली, आणि मावशींनी ऐकलं, मध्ये एक शब्द न घालता. फोन ठेवल्यावर मी म्हटलं, "मावशी, चूक माझी होती."

"दारावर पाटी कुणाची? तुमची आहे का?" मग वही माझ्याकडे सरकवत, "उद्यापासून 'कोण खाणार'चा चौथा रकाना आखा."

माझा सल्ला होता की ती ओळ गुपचूप पुसून टाकावी. कचेरीत आम्ही चुकीचं परिपत्रक असंच मागे घेत असू. मावशी म्हणाल्या, "पुसलं तर ज्यांनी वाचलंय त्यांना कसं कळंल?" आणि त्यांनी सांगितलं तसं मी लिहिलं: 'आमच्या गिरणीत रोज गहू दळतो. दगड कितीही साफ केला तरी थोडा राहतो. ज्यांना गहू बाधतो त्यांनी आमच्याकडे दळू नये. आधी एक कणही नाही असं लिहिलं होतं, ते खोटं होतं.' मी 'खोटं'च्या जागी 'अनवधानाने' सुचवलं. त्यांनी त्या शब्दाचा अर्थ विचारला, मी सांगितला, आणि त्या म्हणाल्या, "मग खोटंच बरं. आणि हे वर चिकटवून ठेवा. खाली नको."

मनू, तुला आठवत असेल, तू त्या दिवशी फोनवर म्हणालीस, "आजी, त्या चौघींना कळवलंय ना? मग पेजवर आत्ता नको. नवरात्र आणि दिवाळी होऊन जाऊ दे." वाईट वाटून घेऊ नकोस, माझ्याही मनात तेच होतं. मी मावशींना तुझा निरोप दिला. त्या म्हणाल्या, "नातीला सांगा, पोरं दिवाळीच्या आधीपण जेवतात."

पुढचं मात्र आमच्यापैकी कोणालाच सुचलं नव्हतं. ते चार वाक्यांचं निवेदन लोकांनी पुढे पाठवताना एकाच वाक्याचं केलं: त्या गिरणीत उपासाच्या पिठात गहू असतो. गहू सगळ्याच गिरण्यांत असतो, पण लिहून दिलं होतं फक्त आम्ही. नवरात्रात आम्ही 'उद्या उपासाचं दळण' पाठवलं आणि सकाळी आठ ते दहा मावशी आणि मी, दोघीच बसलो. ज्या बायकांनी वर्षानुवर्षं त्याच दगडावरचं पीठ देवीच्या उपासाला खाल्लं होतं, त्यांना आता शंका आली होती. एकजण समोरून पिठाची पिशवी घेऊन गेली, आणि आम्हाला बघून पिशवी दुसऱ्या हातात घेतली. मावशींनी तिला हाक मारून विचारलं, "गुडघा कसाय?"

त्याच आठवड्यात मावशी बाळकुमला जाऊन आल्या. त्या बाईला त्यांनी सांगितलं होतं की घरघंटी घ्या, घरात बसवायची छोटी गिरणी, पण नवी कोरी घ्या, जुन्यात कोणाचा तरी गहू गेलेला असतो. घरघंटी आली त्या दिवशी बसवून द्यायला मावशी त्या बाईच्या स्कूटरवर मागे बसून गेल्या, धुतलेलं लुगडं नेसून, केस झाकून, भुवया धुऊन. परत आल्यावर मी विचारलं, कसं झालं. म्हणाल्या, "बारीक निघतं चांगलं. पोरगी भाकरी फुगली की टाळ्या पिटती." मी म्हटलं, "तुम्ही तुमचं एक गिऱ्हाईक कायमचं घालवलंत." त्यांना मी काय म्हणतेय ते खरोखरच कळलं नाही.

दिवाळी आली. भाजणीला जुन्या बायका आल्या, नाही असं नाही. धणे-जिऱ्यांचा वास गिरणीभर होता आणि मला दोनदा वाटलं की जमतंय. पण रांग पायरी उतरली नाही. वसुबारसेच्या दुपारी मावशी दारात उभ्या राहिल्या, पायरीकडे पाहिलं, आत गेल्या आणि पट्टा उतरवला. मी म्हटलं, "अजून दोन दिवस आहेत. मुलगा काही मोजायला येणार नाही." त्या म्हणाल्या, "बोलले होते ना मी."

शेजारचे कोणी म्हणाले, त्या निवेदनाने गिरणी घालवली. मला ते खरंही वाटतं आणि पुरतं खरंही वाटत नाही. गिरणी कदाचित अशीही गेली असती, आणखी दोन दिवाळ्यांनी. माझं गोल वाक्य नसतं तर ती निदान आपल्या पायांनी गेली असती, एवढं मला वाटत राहतं. हे मी मावशींना कधी बोलले नाही. बोलले असते तर त्यांनी मला पुन्हा पाटी दाखवली असती.

दिवाळीनंतर आठवडाभर मावशी कुठे दिसेनात. मला वाटलं, खारघरला गेल्या. मग एका सकाळी त्या पिशवी घेऊन आल्या आणि माझ्या जेवणाच्या टेबलावर पिठाच्या सात पुड्या मांडल्या. आठ दिवस त्या डोंबिवलीतल्या गिरण्या फिरल्या होत्या, स्टेशनच्या रस्त्यावरच्या त्या काचेच्या दुकानासकट. प्रत्येक ठिकाणी अनोळखी बाईसारखं रांगेत उभं राहून दळून आणलं होतं. डोळे मिटून अंगठा आणि बोटामध्ये एकेक चिमूट चोळत त्यांनी मला निकाल सांगितला. काचवाला गहू फार तापवतो, पण नाचणी फार सुंदर काढतो. नाक्यावरचा भाजणी नीट काढतो, मात्र त्याला जाड सांगायचं, तो आपल्या मनाने बारीक करतो. देवळामागच्या म्हाताऱ्याचे दगड आत्ताच टाकी लावलेले आहेत, महिनाभर ज्वारी त्याच्याकडे.

"हे सगळ्यांना कळवा," त्या म्हणाल्या. "माझी माणसं कुठंही जातील आणि खराब पीठ खातील."

"तुम्ही तुमची माणसं दुसऱ्यांच्या दारात पाठवताय. त्यातल्या एकाने तर तुमचं दुकान बुडवलं."

"मग काय धान्य कच्चं खाणार?"

ते मी लिहिलं. फार मोठं झालं, तुझ्या कुठल्याच नियमात बसणारं नव्हतं, आणि मी एकही शब्द गोल केला नाही. मावशींनी तीनदा वाचून घेतलं, या वेळी पंखासुद्धा बंद करून. मग मी पाठवलं. गिरणीचा तो शेवटचा निरोप.

मी चहा ठेवायला उठले तर म्हणाल्या, "वाचलं का लोकांनी, ते कळतं ना ह्याच्यात?" मी दाखवलं, वाचलं की कसं दिसतं. त्या फोन समोर ठेवून बसल्या. तुझ्या शेवटच्या पानावरचं मोजमाप त्यांनी त्या दिवशी पहिल्यांदा केलं. चहा झाला, माझी भाजी चिरून झाली. दुपार होईपर्यंत सगळ्यांनी वाचलं होतं, दोघींखेरीज. एक कल्याणला लेकीकडे राहायला गेलेली, दुसरीचा फोन बहुधा बंद.

मी म्हटलं, वाचतील संध्याकाळपर्यंत.

मावशींनी टेबलाला हात लावून गुडघे सरळ केले. "कल्याणचा पत्ता आहे माझ्याकडे," त्या म्हणाल्या, आणि दाराशी जाऊन चपला पायात सरकवू लागल्या. मी गॅस बंद केला आणि त्यांच्याबरोबर निघाले.